शेजाऱ्याची टाकी, आपलं सूत: दुकान-कारखान्याचा विमा कुठे चालतो, कुठे अडतो

सोलापूरच्या पूर्व भागात, साखर पेठेत किंवा भद्रावती पेठेत, खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं अजून पुष्कळ आहेत. एकाच भिंतीच्या अलीकडे एकाचं सुताचं गोदाम, पलीकडे दुसऱ्याचा टॉवेल शिलाईचा गाळा. नवी पेठेत कापडाच्या दुकानावर दवाखाना, त्यावर क्लास आणि सगळ्यांच्या डोक्यावर पाण्याच्या टाक्या. अशा दाटीत धंद्याच्या जागेचं नुकसान बऱ्याचदा शेजारून चालत येतं, आणि मग मालकांचा एक सवाल ठरलेला असतो: "चूक त्याची आहे, मग क्लेम मी माझ्या पॉलिसीवर का टाकू?"

टाकायचा. आधी तिथेच टाकायचा. विमा हा तुम्ही आणि कंपनी यांच्यातला करार आहे, शेजारी त्यात कुठेच नाही. नुकसान कोणाच्या चुकीने झालं याच्याशी पॉलिसीला सुरुवातीला देणंघेणं नसतं. ते कशामुळे झालं एवढंच ती विचारते. आग, पाणी, वादळ, भिंत कोसळणं अशा घटनांची यादी पॉलिसीत असते. घटना त्या यादीत असेल तर पैसे, नसेल तर नाही. शेजाऱ्याची चूक हा दुसरा हिशोब, तो कायद्याच्या दारात होतो. दोन्ही हिशोब एकत्र केले की माणूस शेजाऱ्याशी भांडण्यात महिना घालवतो आणि तोवर ओलं सूत विकून मोकळा झालेला असतो. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला कंपनीकडून येणारा माणूस, आला की त्याला दाखवायला काही उरत नाही.

आता पॉलिसी कोणती, ते बघू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामक आयआरडीएआयने छोट्या धंद्यांसाठी ठरावीक मजकुराच्या पॉलिसी लागू केल्या. एका ठिकाणची इमारत, यंत्रं, माल वगैरे मिळून किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, त्याच्या वर ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. त्याहून मोठ्या कारखान्यांना जुनी ‘स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स’ पॉलिसी मिळते. पेठेतली दुकानं आणि यंत्रमागाचे कारखाने पुष्कळसे पहिल्या प्रकारात बसतात. कंपनी कोणतीही असो, या दोन्ही पॉलिसींचा मूळ मजकूर सारखाच असतो. त्यामुळे एजंट "आमच्या कंपनीत वेगळं असतं" म्हणाला तर त्याला ते वाक्य पॉलिसीत बोट ठेवून दाखवायला सांगा.

आग

आगीचं प्रकरण त्यातल्या त्यात सरळ. आग तुमच्या गाळ्यात लागली की पलीकडच्या, याने फरक पडत नाही. ती तुमच्या मालापर्यंत पोचली की तुमची पॉलिसी लागू होते. धुराने काळा पडलेला माल आणि अग्निशमन दलाने मारलेल्या पाण्याने भिजलेला माल हेही आगीचंच नुकसान धरलं जातं, कारण मूळ कारण आगच. सूत, सुताची धूळ आणि तयार टॉवेलचे गठ्ठे जिथे एका छपराखाली असतात तिथे आग किती झपाट्याने पसरते, हे सोलापूरला कुणी सांगायला नको. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला.

खरी घासाघीस होते ती नुकसान मोजताना. पांढऱ्या टॉवेलच्या गठ्ठ्यावर काजळी बसली आहे, जळलेलं काहीच नाही. मालक म्हणतो सगळा माल गेला, परदेशातलं गिऱ्हाईक असला माल घेणार नाही. सर्व्हेअर म्हणतो, धुऊन निघेल, धुलाईचा खर्च देतो. किंवा तो माल दुय्यम भावाने विकला जाईल असं धरून तेवढी रक्कम वजा करतो. अशा वेळी गठ्ठे फोडून वरच्या, मधल्या आणि खालच्या थरातले नमुने वेगळे काढावेत, प्रत्येकावर चिठ्ठी लावावी. शक्य असल्यास दोन-चार टॉवेल सर्व्हेअरसमोरच धुऊन वास आणि डाग राहतो का ते दाखवावं. तोंडी वादापेक्षा धुतल्यावरही पिवळट राहिलेला टॉवेल जास्त बोलतो.

शॉर्ट सर्किटबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. ज्या मोटरमध्ये किंवा पॅनेलमध्ये शॉर्ट सर्किट झालं ते यंत्र सहसा भरपाईतून वगळलेलं असतं. त्यातून पेटलेली आग बाकी यंत्रांना, मालाला लागली तर ते नुकसान मिळतं. शेजाऱ्याच्या पॅनेलमधून आग आली असेल तर तुमच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही.

अग्निशमन दलाच्या दाखल्यात आगीचा उगम कुठे ते लिहिलेलं असतं. हा कागद क्लेमला लागतोच, पण त्याहून जास्त तो पुढे शेजाऱ्याकडून वसुली करताना लागतो. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार, त्याच्या कक्षेतल्या इमारतींच्या मालकाने किंवा वापरणाऱ्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं असतं. शेजाऱ्याने ते दिलेलं नसेल तर त्याच्या निष्काळजीपणाचा तो बोलका पुरावा ठरतो. तुम्हीही दिलेलं नसेल तर त्याचा वकील तेच तुमच्यावर उलटवणार.

पाणी

सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे जमिनीखाली हौद आणि गच्चीवर टाक्यांची रांग हे इथल्या इमारतींचं नेहमीचं चित्र. पाणी अवेळी सुटतं, कुणी मोटर चालू करून झोपी जातं आणि टाकी रात्रभर वाहत राहते. पाणी गच्चीवरून भिंतीत, भिंतीतून खालच्या गोदामात. सकाळी शटर उघडावं तर सुताच्या खालच्या पोत्यांखाली तळं.

‘पाण्याच्या टाक्या, पाइप वगैरे फुटणं किंवा ओसंडून वाहणं’ हे पॉलिसीच्या यादीत स्पष्ट आहे. टाकी शेजाऱ्याची असली तरी तुमचा क्लेम होतो. पण मुरणारं पाणी, म्हणजे वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून महिनोन् महिने झिरपत आलेली ओल, ही अचानक घडलेली घटना धरली जात नाही. तिला कंपनी हळूहळू होणारी झीज म्हणते आणि बाजूला सारते. व्यवहारात या दोन्हींच्या मधली रेषा फार बारीक असते. भिंतीवर आधीच पोपडे असतील, बुरशीचे काळे डाग असतील, तर त्याच रात्री टाकी खरोखर वाहिलेली असली तरी सर्व्हेअर "हे जुनं आहे" म्हणायला मोकळा.

म्हणून ओल दिसली की तेव्हाच वरच्या मजल्यावाल्याला लेखी कळवावं, व्हॉट्सॲपवर का होईना, आणि दुरुस्ती झाली की भिंत कोरडी असल्याचा फोटो ठेवावा. टाकी वाहिली तर आवराआवर करण्याआधी सुताच्या कोनांवर (सूत गुंडाळलेल्या शंकूंवर) पाणी किती उंचीपर्यंत चढलं त्याची खूण दिसेल असे फोटो काढावेत. मग मात्र कोरडा माल ताबडतोब बाजूला हलवायचा. नुकसान वाढू न देणं ही पॉलिसीधारकाची जबाबदारी असते. "सर्व्हेअर येईपर्यंत काहीच हलवलं नाही" ही बढाई नाही. माल थेट जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवला असता तर खालची पोती वाचली असती, हेही सर्व्हेअर लिहून जाईलच. काही पॉलिसींत तर माल जमिनीपासून ठरावीक उंचीवर ठेवण्याची अटच असते.

भिंत पडणं आणि पाया खोदणं

जुन्या वाड्याची भिंत पावसात शेजारच्या दुकानावर कोसळते, दरवर्षी कुठे ना कुठे. जुन्या स्टँडर्ड फायर पॉलिसीत ‘आघात’ म्हणजे वाहनाची किंवा जनावराची धडक एवढंच होतं. नव्या सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसींत बाहेरच्या कोणत्याही वस्तूचा आघात धरला आहे, आणि उदाहरणादाखल वाहन, झाड, विमान यांच्यासोबत भिंतही लिहिली आहे. हा बदल पेठेतल्या माणसाच्या फायद्याचा आहे. पण भिंत झुकलेली दिसत असेल तर पडायची वाट कशाला बघायची? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार पडायला आलेलं बांधकाम पाडण्याची किंवा सावरण्याची नोटीस आयुक्त मालकाला देऊ शकतात. सोलापूर महापालिकेत लेखी अर्ज करून पोच घेतली की दोन कामं होतात: नोटीस निघण्याची शक्यता वाढते, आणि "मला माहीतच नव्हतं" हे शेजाऱ्याला पुढे म्हणता येत नाही.

शेजारी वाडा पाडून तिथे तळघरासह कॉम्प्लेक्स बांधतो तेव्हा पॉलिसी सगळ्यात मोठा दगा देते. जेसीबीने खोल खोदलं, तुमच्या भिंतीखालची माती सरकली, भिंतीला तिरपा तडा गेला, मागाचा पाया हलला. तुम्ही पॉलिसी उघडता, यादीत ‘जमीन खचणं’ सापडतं आणि हायसं वाटतं. पण त्याच कलमाखाली वगळलेल्या गोष्टी आहेत: नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, भराव घातलेल्या जमिनीचं सरकणं, सदोष बांधकाम, आणि पाडकाम, बांधकाम, दुरुस्ती किंवा खोदकाम यांमुळे झालेलं नुकसान. खोदकाम तुमचं की शेजाऱ्याचं, असा भेद तिथे केलेला नाही. म्हणजे दाट वस्तीत जमीन खचण्याचं जे सगळ्यात संभवनीय कारण, तेच नेमकं बाहेर. माझ्या मते या पॉलिसीतली ही सर्वांत महत्त्वाची ओळ, आणि विकताना ती कुणी वाचून दाखवत नाही.

इथे तुमचा विमा कामाचा नाही, त्यामुळे शेजाऱ्याकडेच जावं लागतं. बांधकामाच्या ठेकेदाराकडे ‘कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क’ पॉलिसी असू शकते आणि तिच्यात तिऱ्हाइताच्या नुकसानीचा भाग असतो. मात्र हादऱ्यांमुळे किंवा आधार काढून घेतल्यामुळे शेजारच्या इमारतीला झालेलं नुकसान त्यातही मुळात वगळलेलं असतं. ठेकेदाराने जादा पैसे भरून ते जोडून घ्यावं लागतं. म्हणून "आमचा विमा आहे हो" एवढ्यावर समाधान मानू नका. ते जोडपत्र दाखवा म्हणा.

कायद्याचा आधार मात्र पक्का आणि जुना आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याचं कलम ७ सांगतं की आपल्या जमिनीला शेजारच्या जमिनीचा नैसर्गिकपणे मिळणारा आधार हा प्रत्येक मालकाचा हक्क आहे. हा हक्क मोकळ्या जमिनीचा, वर बांधलेल्या इमारतीच्या वजनासकट नाही. इमारतीसाठी कलम १५ आहे: तिला शेजारच्या जमिनीचा आधार २० वर्षं विनाअडथळा मिळत आला असेल तर तोही हक्क बनतो. जुन्या पेठांतल्या बहुतेक इमारतींना ही अट जड जाऊ नये. खोदकाम चालू असतानाच दिवाणी न्यायालयातून मनाई मागता येते आणि नुकसान झाल्यावर भरपाईचा दावा लावता येतो. त्याशिवाय निष्काळजीपणाचा दावा वेगळा.

दाव्यात अडचण पुराव्याची येते. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. अशा जमिनीवरच्या जुन्या भिंतींना तडे असतातच. समोरचा इंजिनिअर हमखास म्हणणार की हा तडा मातीमुळे गेलेला, आमच्या खोदकामामुळे नव्हे. यावर उपाय एकच: जेसीबी यायच्या आधी आपल्या भिंतींचे, पायाचे, फरशीचे तारखेसह फोटो आणि जमल्यास एखाद्या वास्तुविशारदाचा दोन पानी अहवाल. जुन्या तड्यांवर काचेची पट्टी चिकटवून ठेवायची. तडा हलला की काच फुटते, आणि ती कोणत्या तारखेला फुटली ते दाखवता येतं.

दुसऱ्याच्या छपराखाली पडलेला आपला माल

सोलापूरचा धंदा एका छपराखाली होत नाही. सूत सायझिंगला (खळ द्यायला) जातं, तिथून ताण्याच्या सुताचा रूळ, म्हणजे बीम, मागावर येतो, टॉवेल डाईंग-प्रोसेसला जातो, तिथून शिलाईला. यातल्या कोणत्याही टप्प्यावर आग लागली तर जळलेला माल तुमचा आणि जागा दुसऱ्याची. तुमच्या पॉलिसीवर पत्ता असतो तुमच्या कारखान्याचा, आणि विमा मुख्यतः त्या पत्त्यावरच्या मालाला असतो; प्रक्रियेसाठी तात्पुरता बाहेर गेलेला माल सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसींत ठरावीक मर्यादेपर्यंतच धरतात. प्रोसेसवाल्याची पॉलिसी असते त्याच्या मालाला. दुसऱ्याचा, विश्वासाने ठेवलेला माल तिच्यात वेगळा लिहिलेला नसेल तर तो धरत नाहीत. दोघांकडे पॉलिसी असून तुमचे बरेचसे टॉवेल मात्र बिनविम्याचे, असं होऊ शकतं. जिथे नेहमी माल जातो ते पत्ते आपल्या पॉलिसीत घालून घ्यावेत, किंवा सगळ्या ठिकाणांवर मिळून एक रक्कम असा फ्लोटर घ्यावा. आणि जॉबवर्कचं चलन फाडायला कंटाळू नये. कोणाकडे किती किलो गेलं हे जळून गेल्यावर सिद्ध करायचं तर तेवढाच कागद उरतो.

रक्कम किती लिहायची, यात तर हमखास गोंधळ. बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा २४ लाख आहे म्हणून मालाचा विमा २४ लाखांचा, ही सर्रास चाल. दिवाळीआधी गोदामात माल असतो ४० लाखांचा. शेजारच्या आगीत १० लाखांचा माल गेला तर कंपनी म्हणते, तुम्ही ६० टक्क्यांचाच विमा उतरवला होता, म्हणून ६ लाख घ्या. रक्कम खऱ्या किमतीपेक्षा १५ टक्क्यांपर्यंत कमी असेल तर सूक्ष्म आणि लघु उद्यम पॉलिसी दुर्लक्ष करतात; इथे तूट ४० टक्क्यांची आहे. शिवाय पॉलिसीत लिहिलेली वजावट, म्हणजे नुकसानीतला तुम्ही स्वतः सोसायचा भाग, वेगळी.

पैसे मिळाल्यावर

राहिलेले ४ लाख शेजाऱ्याकडून मागता येतात. आणि कंपनीने दिलेले ६ लाख ती स्वतः त्याच्याकडून वसूल करू शकते, तुमच्या जागी उभी राहून. याला विम्याच्या धंद्यात सब्रोगेशन म्हणतात. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने इकॉनॉमिक ट्रान्सपोर्ट ऑर्गनायझेशन विरुद्ध चरण स्पिनिंग मिल्स या खटल्यात हा विषय नीट उलगडला. तिथला वादही सुताचाच: वाहतुकीत सुताचं नुकसान झालं, विमा कंपनीने गिरणीला पैसे दिले आणि मग वाहतूकदारावर वसुली आली. न्यायालयाने सांगितलं की सब्रोगेशनने मूळ मालकाचा दावा करण्याचा हक्क संपत नाही, आणि कंपनी व मालक यांच्यात कोणाला काय मिळणार हे सब्रोगेशनच्या पत्रात जे लिहिलं असेल त्यावर ठरतं. म्हणून क्लेमचा चेक हातात घेताना जे पत्र सहीला येतं ते वाचायचं. त्यात तुमचे राहिलेले ४ लाखही कंपनीच्या खात्यात गेलेले नाहीत ना, एवढं तरी बघायचं.

या वसुलीचा एक गोष्ट फार नाश करते, आणि ती पैसे मिळायच्या आधीच घडते. आग विझली, दोन दिवस गेले की शेजारी चहा घेऊन येतो. "अण्णा, इतक्या वर्षांचा शेजार आहे. पन्नास हजार घ्या, पाचशेच्या स्टँपवर लिहून द्या की माझ्याविरुद्ध काही तक्रार नाही." माणूस भिडेला पडतो आणि सही करतो. त्या सहीने त्याने कंपनीचाही वसुलीचा रस्ता बंद केलेला असतो, आणि वसुलीच्या हक्काला बाधा येईल असं काही करायचं नाही अशी अट पॉलिसीत असते. कंपनीला क्लेम अडवायला आयतं कारण मिळतं. शेजार टिकवायचाच असेल तर कंपनीला विचारून, तिच्या लेखी संमतीने तडजोड करावी. पोलिसांत नोंद केली म्हणून शेजाऱ्याशी वैर धरलं असंही होत नाही. क्लेमला कागद लागतो एवढंच त्याला समजावून सांगावं.

कंपनीने क्लेम नाकारला किंवा फार कमी दिला तर आधी तिच्याच तक्रार विभागाकडे लेखी जायचं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एकमालकी धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांना पुण्याच्या विमा लोकपालाकडे जाता येतं, तेही वकिलाशिवाय. ग्राहक आयोगाचा रस्ता धंद्याच्या पॉलिसीलाही खुला आहे. २०२३ च्या हरसोलिया मोटर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं. तिथे मुदत दोन वर्षांची.

दुकान बंद राहिल्याने बुडालेला नफा या पॉलिसीत नसतो, त्यासाठी नफ्याच्या तोट्याची वेगळी पॉलिसी घ्यावी लागते. तीही साधारणपणे तुमच्या जागेला नुकसान झालं असेल तरच चालते. शेजारची इमारत जळाली आणि पोलिसांनी गल्ली आठवडाभर बंद ठेवली, तुमच्या काचेला तडाही नाही, तर ‘प्रवेशबंदी’चं जोडकलम आधीच घेतलेलं असायला हवं. आणि मंदीत कारखाना बंद ठेवणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: जागा सलग ३० दिवसांहून जास्त रिकामी राहिली आणि कंपनीला आधी कळवून नोंद करून घेतली नसेल, तर अनेक पॉलिसींत संरक्षण थांबतं. शेजारची आग एकतिसाव्या दिवशी आली तर सगळं वरचं वाचून उपयोग नाही.

हे सगळं उलट्या बाजूनेही लागू आहे. उद्या तुमची टाकी वाहिली आणि खालच्याचं दुकान भिजलं, तर तुमची आगीची पॉलिसी त्याला एक रुपया देणार नाही. ती तुमच्या मालमत्तेपुरतीच आहे. त्याची कंपनी त्याला पैसे देईल आणि तुमच्या नावाने नोटीस काढेल. त्यासाठी पब्लिक लायबिलिटी पॉलिसी, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा, वेगळी घ्यावी लागते. भाड्याच्या गाळ्यात असाल तर मालकाच्या इमारतीला तुमच्यामुळे होणारं नुकसान तिच्यात धरलं आहे का, हे नूतनीकरणाच्या वेळी एजंटला लेखी विचारून घ्या.